फक्त एक फ्रेम!

तर झालं असं की, गेल्या नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी पहाटे पाचलाच पुण्याहून लोणावळ्याला निघालो. एरवी शनिवारी दहाच्या आत न उठणारा मी! कारण एकच, अमूर ससाणे आले होते. पठाराचं लोकेशन आदल्या रात्रीपासून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होतं.

या पाहुण्याबद्दल थोडं सांगतो. जेमतेम १५० ग्रॅमचा पक्षी. उन्हाळ्यात सैबेरिया, उत्तर चीन या पट्ट्यात पिल्लं वाढवतो आणि थंडी काढायला थेट आफ्रिकेच्या दक्षिण भागात जातो. वाटेत नागालँडमध्ये लाखोंनी उतरतो. आपल्याकडे मात्र थोडेच, तेही मोजके दिवस. पुढे अरबी समुद्र. ३००० किलोमीटरच्या आसपास नुसतं पाणी, टेकायला जागा नाही. म्हणून हे महाशय आपल्या पठारांवर नाकतोडे, चतुर, पंख फुटलेली वाळवी असं मिळेल ते खाऊन अंगात चरबी साठवतात. थोडक्यात, शेवटचा पेट्रोल पंप.

पोचलो तर सात-आठ गाड्या आधीच हजर. एका खुरट्या झाडाच्या शेंड्यावर मादी बसली होती. गाडीतूनच फोटो काढला, पण पक्षी फारच लहान आला. म्हणून उतरलो. दहा पावलं. क्लिक. अजून दहा पावलं. तिने मान वळवली, अंग चोरलं. तरी मी मनात म्हटलं, फक्त एक फ्रेम! उडाली. पलीकडच्या झाडावर बसली, तर तिथे दुसऱ्या गाडीतून उतरलेला कुणीतरी तेच करत होता. तासाभरात तिला पाच वेळा उठवलेलं मी मोजलं. त्या तासात तिने एकही किडा पकडलेला मला दिसला नाही.

माझा फोटो झकास आलाय. अगदी डोळ्यातल्या चमकेसकट. पण उघडला की आधी तिचं चोरलेलं अंग दिसतं. अजून कुठेही टाकलेला नाही.

एकट्या माझ्या वीस पावलांनी काय होणार, असं वाटतंच. पण आमच्या धंद्यात रोज दिसतं, सर्व्हर एका रिक्वेस्टने कधी पडत नाही. प्रत्येकाची 'माझी एकच' असते, आणि तो पडतो सगळ्यांच्या मिळून.

कुणी म्हणेल, अरे, फोटोंमुळेच तर लोकांना पक्षी कळतात. मान्य! २०१२ साली नागालँडमध्ये दोयांग धरणाच्या परिसरात जाळ्यात अडकलेल्या ससाण्यांची दृश्यं बाहेर आली, गहजब झाला, आणि २०१३ च्या हंगामात तिथल्या गावकऱ्यांनीच शिकार थांबवली. त्याच वर्षी तीन ससाण्यांना सॅटेलाइट टॅग लावले. त्यातल्या एकाचं नाव 'पांगती', तिथल्याच एका गावावरून. तेव्हा माझं भांडण कॅमेऱ्याशी नाहीच. पण ती दृश्यं धूसर असती तरी काम झालंच असतं. ई-बर्डवर दुर्मीळ पक्ष्याची नोंद करायलासुद्धा ओळखू येईल इतपत फोटो पुरतो. त्यापुढची दहा-दहा पावलं पक्ष्यासाठी नसतात हो, लाइक्ससाठी असतात. निदान माझी तरी होती.

मग आता स्वतःपुरतं ठरवलंय. एक, गाडीतून उतरायचं नाही, कारण पक्षी गाडीला माणसाइतका बिचकत नाही. दोन, पक्षी खाणं सोडून आपल्याकडे बघायला लागला की मागे सरायचं. तीन, लोकेशन पुढे ढकलायचं नाही, पक्षी गेल्यावर सांगायचं. हे तिसरं सगळ्यात अवघड, कारण मलाही ते कुणीतरी पाठवलं म्हणूनच मी गेलो होतो.

असो. येत्या नोव्हेंबरात पुन्हा जाणार आहेच. फोटोत ठिपका आला तर ठिपका. तिथे भेटलात तर चहा माझ्याकडून, फक्त गाडीत बसून प्यायचा :)