ताप झाकून मुलाला पाळणाघरात सोडू नका

पावसाळा सुरू झाला की संध्याकाळच्या ओपीडीत एक वाक्य रोज ऐकू येतं. "सकाळी अंग जरा गरम होतं डॉक्टर, पॅरासिटामॉल दिलं, ताप उतरला म्हणून पाळणाघरात सोडलं. दुपारी त्यांचा फोन आला, १०२ ताप आहे, घेऊन जा."

ताप उतरला नव्हता, तुम्ही तो झाकला होता. पॅरासिटामॉलचा परिणाम साधारण चार ते सहा तास टिकतो. सकाळी आठचा डोस दुपारी एक-दोनपर्यंत ओसरतो. तोवर तुमचं मूल इतर मुलांबरोबर एकाच सतरंजीवर बसलेलं असतं, तीच खेळणी तोंडात घालत. औषधाने थर्मामीटरवरचा आकडा खाली येतो, विषाणू जागेवरच असतो.

मी धुतल्या तांदळासारखा नाही. माझी मुलगी अडीच वर्षांची असताना आम्ही दोघंही नोकरीत होतो, आणि मी, एम.डी. झालेला माणूस, तिला डोस पाजून सोडून आलो होतो. कोणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं तर घेणार नाहीत. संध्याकाळी गेलो तर ती कोपऱ्यात मलूल पडलेली. मावशींनी अंग तापलेलं पाहून आपणहून एक डोस दिला होता. त्यांना सकाळचा डोस माहीतच नव्हता! दोन डोसांमध्ये किमान चार तास हवेत आणि दिवसात चारपेक्षा जास्त डोस नकोत. हा हिशेब चुकत गेला तर इजा यकृताला होते. त्या दिवशी काही झालं नाही, ते नशीब.

म्हणून माझा आग्रह आहे: १००.४ किंवा त्याहून जास्त ताप आला, तर औषध न देता पूर्ण २४ तास ताप नसेपर्यंत मूल घरी. 'औषध न देता' हे शब्द महत्त्वाचे. उलट्या-जुलाब असतील तर ते थांबल्यावरही किमान एक दिवस घरी. कांजिण्यांमध्ये प्रत्येक फोडावर खपली धरेपर्यंत, गोवरात पुरळ उठल्यापासून चार दिवस. हात-पाय-तोंडावर फोड येणाऱ्या त्या आजारात, ज्याला सगळे एचएफएमडी म्हणतात, ताप जाऊन फोड सुकेपर्यंत. आणि ताप नसला तरी मूल खेळत नसेल, नुसतं खांद्यावर पडून राहत असेल, तर त्याला घरी ठेवा. श्वास जोरात चालत असेल, लघवी कमी झाली असेल, तर घरीही थांबू नका, दवाखान्यात या.

आता पाळणाघरवाल्यांशी भांडण. नाक वाहतंय एवढ्यावरून मूल परत पाठवू नका. लहान मुलांना वर्षात सहा-आठ वेळा सर्दी होतेच, पाळणाघरात नव्याने जाणाऱ्यांना त्याहूनही जास्त. खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो. शेंबूड पिवळा-हिरवा झाला म्हणजे अँटिबायोटिक लागतं असंही नाही. पण तुम्ही 'फिट सर्टिफिकेट' मागता, आई घाबरते, "काहीतरी स्ट्राँग द्या" म्हणते, आणि साध्या सर्दीवर अँटिबायोटिक सुरू होतं. खेळणाऱ्या, खाणाऱ्या, ताप नसलेल्या मुलाला आत घ्या आणि मुलांचे व स्वतःचे हात साबणाने धुवा. सर्टिफिकेटच्या कागदाने कोणाचा संसर्ग थांबलेला मी पाहिला नाही.

मात्र सगळा दोष आईबापांच्या माथी मारणं मला पटत नाही. २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली. चांगलं झालं. पण त्या पाळणाघरात न जाण्याच्या दिवसांचं काय? केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना बालसंगोपन रजा आहे, संपूर्ण नोकरीत ७३० दिवस. खासगी कंपनीतल्या, दुकानातल्या, घरकाम करणाऱ्या बाईला काय? तिची आजारपणाची रजा तिच्या आजारासाठी, मुलाच्या नाही. (आणि "रजा मी घेतो" म्हणणारे बाप माझ्या ओपीडीत अजून बोटांवर मोजण्याइतकेच आहेत.)

परवा एक आई म्हणाली, "डॉक्टर, ताप मलाच आलाय असं लिहून द्या ना." मी नाही म्हटलं. मुलाच्याच नावाने खरा दाखला दिला, तीन दिवसांचा, आईने घरी थांबणं आवश्यक आहे असं स्पष्ट लिहून. काही ऑफिसं तो चालवून घेतात. तिच्या ऑफिसने परत पाठवला.