वर्ण : निमगोरा

दिवाळीच्या सुट्टीत पारोळ्याला घरी गेलो, तेव्हा ताईसाठी स्थळं बघणं चालू होतं. बायोडाटा टाईप करायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं, कारण घरातला 'कॉम्प्युटरवाला' मीच! जन्मतारीख, रास, उंची, शिक्षण भराभर झालं. 'वर्ण'पाशी बोट थांबलं. ताई सावळी आहे. आई म्हणाली, "निमगोरा टाक." टाकलं. फोटोही जरा उजळ करून दिला. मंडळी आली, पोहे खाल्ले, आणि निघताना मुलाची आत्या दारातच बोलली, "पोर गुणनी से, पन काई से." ताईने ते ऐकलं.

त्या आत्याबाईंचा मला भयंकर राग आला होता. होस्टेलवर परत आल्यावर केट शोपॅन ह्या अमेरिकन लेखिकेची 'डेझिरेज बेबी' ही १८९३ सालची छोटीशी कथा वाचली, आणि तो राग माझ्याकडेच वळला.

लुइझियानातला जमीनदार आर्माँ एका अनाथ मुलीशी, डेझिरेशी, प्रेमाने लग्न करतो. तिचं कूळ माहीत नाही, तरी चालतं. कारण स्वतःच्या घराण्याच्या नावाचा त्याला केवढा गर्व! पण बाळ काही महिन्यांचं झाल्यावर त्याच्यात काळ्या वंशाची छटा दिसू लागते. आर्माँ ठरवून टाकतो, दोष बायकोचाच. पुरावा नाही, चौकशी नाही. व्हायव्हात असं उत्तर दिलं तर सर बाहेर काढतील! ती बाळाला घेऊन निघून जाते, ती कायमचीच. पुढे त्याच्या हाती आईचं जुनं पत्र लागतं. ते काळं रक्त त्याच्याच आईचं असतं.

मला वाटतं, गर्व आणि लाज ह्या जुळ्या बहिणी आहेत. दोन्ही अशा गोष्टींच्या, ज्या आपण कमावलेल्याच नसतात. कथेत एकच माणूस सरळ वागतं. डेझिरेला वाढवणारी आई. बाळाचा रंग तिनेही पाहिलेला असतो, तरी ती लिहिते की बाळाला घेऊन घरी ये. आमच्या घरात त्या आईचं काम कोणी केलं? कोणीच नाही. मी तर फोटो उजळत बसलो होतो.

कोणी म्हणेल, ते अमेरिकेतलं झालं. खरंय. तिथे काही राज्यांत गोऱ्या-काळ्यांच्या लग्नाला कायद्यानेच बंदी होती. ती १९६७ साली सुप्रीम कोर्टाने रद्द केली. आपल्याकडे तसा कायदा नाही. उलट १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने जातधर्माबाहेरही लग्न करता येतं. १९७५ पासून खपणाऱ्या प्रसिद्ध क्रीमने २०२० मध्ये नावातलं 'फेअर' काढलं. आपल्या बायोडाटातला रकाना मात्र जागच्या जागी! आषाढीला सावळ्या विठोबापुढे डोकं टेकवायचं आणि सून 'उजळ' हवी म्हणायचं, हे कसं जमतं आपल्याला?

परवा ताईला फोन करून माफी मागितली. ती म्हणाली, "माफी राहू दे, आधी फोटो बदल." बदलला. वर्णाची ओळ खोडून टाकली. आई दोन दिवस बोलली नाही.

होस्टेलमधल्या दोस्तांनो, उद्या 'इंजिनिअर मुलगा' म्हणून आपणही पोहे खायला जाणार आहोत. तेव्हा घरच्यांना जाण्याआधीच सांगा, रंग विचारायचा नाही. दारातून परतताना सांगून उपयोग नसतो. आत कोणीतरी ऐकत असतं.