डबा, हॅट आणि दोरी
घोडागाडीच्या प्रवासात माणसं बोलत. तासन् तास गुडघ्याला गुडघा लावून बसल्यावर न बोलून सांगता कुणाला? रेल्वे आली आणि इंग्लंडच्या पहिल्या वर्गातल्या साहेबाची वाचाच बसली. डब्याचा प्रत्येक खण बंद, शेजारच्या खणात जायला वाट नाही, समोर अनोळखी चेहरा. नजर ठेवायची कुठं, हीच पंचाईत! मग पुस्तकाआड तोंड लपवणं आलं, डब्ल्यू. एच. स्मिथनं १८४८ मध्ये लंडनच्या यूस्टन स्टेशनवर पुस्तकांचा स्टॉल टाकला तो अगदी वेळेवर. तिसऱ्या वर्गाच्या फळकुटांवर गप्पा चालूच राहिल्या, हे वेगळं सांगायला नको. जुलै १८६४ मध्ये मात्र थॉमस ब्रिग्ज या बँकेतल्या वयस्क गृहस्थाचा लंडनमध्ये पहिल्या वर्गाच्या डब्यातच खून झाला. मारेकरी घाईत स्वतःची हॅट टाकून ब्रिग्जची घेऊन पळाला. फ्रांझ म्युलर या संशयिताला न्यूयॉर्कला पकडलं, तेव्हा ब्रिग्जचं घड्याळही त्याच्याकडे निघालं. आता समोरच्याचं मौनसुद्धा संशयास्पद! अखेर १८६८ च्या कायद्यानं, वीस मैलांहून अधिक न थांबता धावणाऱ्या गाड्यांत गार्डला इशारा देण्याची सोय सक्तीची केली. सुरुवातीला ही सोय म्हणजे डब्याबाहेर, छपराच्या कडेनं जाणारी दोरी. ती ओढायला खिडकीतून हात बाहेर काढावा लागे.