बुद्धिवर्धनाचे औषध आणि घरातले बोलणे

दर पुष्य नक्षत्राला आपल्यापैकी अनेकांच्या दवाखान्यांपुढे लहान मुलांना कडेवर घेतलेल्या पालकांची रांग लागते. तिरोडा तालुक्यातील बोदलकसा परिसरात व्यवसाय करणाऱ्या आम्हांसही हे दृश्य परिचयाचे आहे. थेंब पाजून झाले की बहुतेक माता एकच प्रश्न विचारतात, ‘याने बुद्धी वाढेल ना?’ आणि आम्ही मान डोलावतो. त्या डोलावलेल्या मानेचा हिशोब मांडावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रारंभी आमचीच एक चूक सांगणे प्राप्त आहे. काही वर्षांपूर्वी अडीच वर्षांच्या एका मुलाला घेऊन त्याचे वडील आले. ‘डाक्टरसाहेब, पोरगा बोलत नाही जी, वाचेचे औषध द्या,’ एवढीच त्यांची मागणी होती. मूल अंगाने धडधाकट, डोळे चपळ. आम्ही वचा, ब्राह्मी, सारस्वतारिष्ट अशी योजना केली आणि धीर धरावयास सांगितले. सात महिने गेले. एके दिवशी गावच्या अंगणवाडी सेविकेने त्या मुलाच्या पाठीमागे ताट वाजवून पाहिले. मुलाने मान वळविली नाही. पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी तपासणी झाली, तेव्हा दोन्ही कानांनी जन्मतः ऐकू येत नसल्याचे निष्पन्न झाले. जे मूल ऐकतच नव्हते, त्यास आम्ही वाचेचे औषध देत होतो. आज तो मुलगा श्रवणयंत्र लावून शब्द शिकतो आहे. पण ते सात महिने त्याला परत देणे आमच्या हाती नाही. श्रवणदोषाचे निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि उपाययोजना सहाव्या महिन्यापर्यंत व्हावी, असा आज सर्वमान्य दंडक आहे. त्या तुलनेत आमचा उशीर किती मोठा, हे वाचकांनीच ठरवावे.

ही चूक शास्त्राच्या अज्ञानातून झाली नव्हती. शास्त्राचा अर्धाच भाग वापरल्यामुळे झाली होती. कौमारभृत्याचे नाव घेताच आपल्याला लेहनाचे योग आठवतात. परंतु चरकाचार्यांनी शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात बालकाच्या खेळण्यांचे वर्णन किती बारकाईने केले आहे, ते आपण परीक्षेपुरते पाठ करून सोडून दिले. खेळणी रंगीबेरंगी, आवाज करणारी, मनास आवडणारी व हलकी असावीत. टोकदार नसावीत, तोंडात जाणारी नसावीत, जीवास धोका वा भय उत्पन्न करणारी नसावीत, असा त्याचा आशय. मूल रडते वा जेवत नाही म्हणून त्यास राक्षस-पिशाचांची नावे घेऊन भिववू नये, असेही तेथेच बजावले आहे. सुश्रुताचार्य शारीरस्थानाच्या दहाव्या अध्यायात सांगतात की बालकास दटावू नये, झोपेतून एकाएकी उठवू नये, त्यास सदैव प्रसन्न ठेवावे. ज्याच्या मनास आघात पोहोचत नाही ते मूल सत्त्वसंपन्न व निरोगी वाढते. काश्यपसंहितेत प्राण्यांच्या आकाराच्या खेळण्यांचा उल्लेख आहे आणि बालकास भूमीवर किती वेळ बसवावे, अधिक बसविल्यास काय होते, याचाही विचार आहे. त्याच संहितेच्या लेहाध्यायात लेहन कोणास देऊ नये याचीही यादी आहे. शिबिराच्या गर्दीत ती यादी आपण किती वेळा आठवतो?

आधुनिक संशोधनही याच दिशेने बोट दाखविते. जमैका देशातील किंग्स्टन येथे १९८६-८७ मध्ये ९ ते २४ महिने वयाच्या, कुपोषणाने उंची खुंटलेल्या १२९ बालकांवर एक प्रयोग सुरू झाला. काहींना पूरक आहार, काहींच्या घरी आठवड्यातून एकदा आरोग्य कार्यकर्तीची भेट, काहींना दोन्ही आणि काहींना यांपैकी काहीच नाही, असे चार गट होते. ही कार्यकर्ती घरगुती खेळणी घेऊन जाई आणि बाळाशी कसे खेळावे, कसे बोलावे, हे आईला दाखवी. दोन वर्षे हा क्रम चालला. ती मुले २२ वर्षांची झाल्यावर पाहणी झाली, तेव्हा घरभेटी मिळालेल्यांची कमाई न मिळालेल्यांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी अधिक आढळली. हे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. केवळ पूरक आहाराचा असा दूरगामी परिणाम दिसला नाही. याचा अर्थ आहार व्यर्थ असा नव्हे. पोट भरल्यानंतरही बाळाची एक भूक उरते आणि ती बोलण्याने व खेळण्यानेच भागते, असा त्याचा अर्थ आम्ही घेतो.

याकरिता जमैकापर्यंत जाण्याचीही आवश्यकता नाही. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्यासमवेत १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांना तेथेच येऊन मिळाल्या आणि १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी, या विचारातून अंगणवाडी आली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा आली. साधने म्हणून बिया, खडे, शिंपले, पाने पुरेशी ठरली. वारली मुलांच्या अंगणात जे घडले, ते आमच्या गोंड, ढिवर, पोवार कुटुंबांच्या अंगणात घडू नये, असे कोणतेही कारण नाही.

आमच्या भागात मातेला वेळ नसतो, हे खरे आहे. मोहफुलांच्या दिवसांत पहाटेच रानात जावे लागते, पुढे तेंदूपत्ता, पावसाळ्यात रोवणी. ‘लेकराला शिकवायला फुरसत कोठे?’ हा तिचा प्रश्न रास्त आहे. परंतु यासाठी वेगळी फुरसत लागत नाही. मोहफुले वेचताना मोजता येतात. भात पाखडताना ‘हे जड, हे हलके’ असे सांगता येते. तलावावरच्या पाखरांची नावे घेता येतात. सहाणेवर बाळगुटी उगाळताना आणि पायांवर घेऊन तेल लावताना आजी बाळाशी जे बोलते, ज्या बडबडगीतांवर त्याला हसविते, तोही उपचाराचाच भाग आहे. तयार गुटीची बाटली घराघरात आली, वेळ वाचला. पण सहाणेभोवतीचे ते बोलणेही त्याबरोबर गेले.

खेळण्यांविषयी पालकांना एक सावधगिरी मात्र सांगितली पाहिजे. रानातल्या बिया उत्तम साधन असल्या तरी तोंडात जाणारी वस्तू नको, हा चरकोक्त नियम येथे अक्षरशः लागू पडतो. लहान बी श्वासमार्गात अडकू शकते. गुंज आणि एरंडाचे बी तर विषारीच. त्यापेक्षा तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी वर्षभर मुलाच्या हाती राहू द्यावा. प्राण्याच्या आकाराचे खेळणे आपल्या विदर्भात घरोघरी आहे. ते दुसऱ्या दिवशी फळीवर चढते, एवढेच.

भाषेबाबतही पालक संभ्रमात असतात. घरी गोंडी, पोवारी वा झाडीबोली बोलल्याने मूल मागे पडेल, या भीतीने ते मुलाशी तुटक पुस्तकी भाषेत बोलतात किंवा बोलणेच टाळतात. आईला जी भाषा मनापासून येते, तिच्यातच मूल सर्वांत समृद्ध बोलणे ऐकते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिक्षण द्यावे, असे म्हटले आहे. याउलट मोबाइल दाखवून भरविलेला घास सर्वत्र दिसतो. दोन वर्षांखालील मुलांना पडदा नकोच आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी एका तासाहून अधिक नको, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे.

‘वैद्याने औषध द्यावे, हे शिकविणे त्याचे काम नव्हे,’ असे काही सहकारी म्हणतील. आम्हांस हे मान्य नाही. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या फिरत्या पथकांत आयुष वैद्यकीय अधिकारीच अंगणवाड्यांतील बालकांची वर्षातून दोनदा तपासणी करतात आणि विकासातील विलंब ओळखणे हा त्या तपासणीचाच भाग आहे. जे काम आपले पदवीबंधू शासकीय पथकात करतात, ते आपण दवाखान्यात टाळावे, याला आधार काय? शिवाय पुष्य नक्षत्र दर २७ दिवसांनी येते. एवढ्या नियमाने तेच मूल, त्याच आईबापांसह, अन्य कोणत्या चिकित्सकाकडे येते? ही आपल्याला लाभलेली मोठी संधी आहे आणि आपण ती दोन थेंबांत संपवितो.

म्हणून आमच्या काही सूचना आहेत.

१) सुवर्णप्राशनाच्या वहीत वजनाच्या शेजारी विकासाचा एक रकाना असावा. बारा महिन्यांपर्यंत बडबड वा हावभाव नाहीत, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, चोवीस महिन्यांपर्यंत स्वतःहून दोन शब्दांची जोडणी नाही किंवा आलेले बोलणे कोणत्याही वयात हरपले, तर त्याच दिवशी पुढील तपासणीस पाठवावे.

२) बोलण्याच्या तक्रारीत प्रथम श्रवणाची तपासणी करवून घ्यावी. टाळी वाजवून समाधान मानू नये. अंशतः ऐकू येणारे मूल टाळीला वळते. आईला शंका आहे, एवढे कारण पाठविण्यास पुरेसे आहे.

३) मूल निरुत्साही असेल, खेळत नसेल, माती खात असेल, तर मेध्य योगाआधी पांडूचा विचार करावा. आपल्या पूर्व विदर्भात सिकलसेलची तपासणीही विसरू नये.

४) प्रत्येक शिबिरात दहा मिनिटे पालकांसमोर मुलाशी खेळून दाखवावे. व्याख्यान नको, प्रात्यक्षिक हवे. अंगणवाडी सेविकेस सन्मानाने बोलवावे; हे काम ती आपल्याहून चांगले जाणते.

५) औषधी दुकानदार बंधूंनी बुद्धिवर्धक बाटली देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत: मूल किती वर्षांचे, हाक मारल्यास वळते का, बोलते का? उत्तर शंकास्पद असल्यास बाटलीऐवजी वैद्याचा पत्ता द्यावा. बधिरतेवर औषधाची जाहिरात करण्यास १९५४ च्या औषधे व जादूटोणाविषयक उपचार कायद्यानेच मनाई आहे, हेही ध्यानी असावे.

यात सुवर्णप्राशनाचा अव्हेर नाही. आम्ही ते करतो आणि पुढेही करू. मात्र आता एखादी माता ‘याने बुद्धी वाढेल ना?’ असे विचारते, तेव्हा आम्ही नुसती मान डोलावत नाही. ‘बाई, आज सकाळपासून लेकराशी काय काय बोललात?’ असे तिला विचारतो. प्रथम ती गोंधळते, मग हसते आणि सांगू लागते. तेवढ्या वेळात मूल तिच्या तोंडाकडे पाहत असते. ते पाहते की नाही, ऐकते की नाही, हेही आम्हांस त्याच वेळी कळते.