जुलैमधले हात

संगणकावर बसणारा रुग्ण हात दुखतो म्हणून आला की मनगटाला पट्टा, आठ दिवस विश्रांती आणि जमल्यास नसांची तपासणी, एवढ्यावर आपली चिठ्ठी संपते. गावात सरकारी अर्ज भरून देणारा सेवा केंद्रचालक ती खिशात घालून पुन्हा खुर्चीवर बसतो आणि आपण 'पेशंट ऐकत नाही' म्हणून मोकळे होतो. वास्तविक मनगटाआधी त्याला हंगाम विचारायला हवा. २०२३च्या खरिपात एक रुपयात पीकविमा आला. केंद्रचालकाला अर्जामागे ४० रुपये मिळत आणि मुदत जुलैअखेरची होती. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले. सातबारा, पासबुक, आधार चढवायचे आणि दिवसा सर्व्हर चालला नाही तर रात्र जागायची. या कामात बोटे चालतात त्यापेक्षा हात ताठ राहतो जास्त. पान उघडेपर्यंत तर्जनी माऊसच्या बटणावर, कोपर अधांतरी. शेतकामाने झिजलेला अंगठा यंत्रावर उमटत नाही, तेव्हा टेबलापलीकडे हात लांबवून तो दाबून धरायचा तो केंद्रचालकानेच.

अशा हाताला सरसकट 'कार्पल टनेल' म्हणणे घाईचे आहे. डेन्मार्कमधील सुमारे सात हजार तंत्रज्ञांच्या २००३ सालच्या पाहणीत हाताला मुंग्या येण्याची तक्रार पुष्कळांची होती, पण रात्री त्रास देणारी, खऱ्या अर्थाने मध्य नसेकडे बोट दाखवणारी लक्षणे फार थोड्यांत निघाली. संबंध दिसला तो आठवड्याला वीस तासांहून अधिक माऊस वापरण्याशी, कीबोर्डशी नव्हे. म्हणून कोपरापुढचा हात टेबलावर टेकवणे, माऊस जवळ ओढणे, रकान्यातून रकान्यात टॅबने जाणे, हे उपचारच आहेत. टेबल उंच असेल तर खुर्चीवर उशी आणि पायाखाली वीट. त्याला खर्च येत नाही.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की अर्जागणिक पैसे मिळणाऱ्याला थांबा म्हणणे म्हणजे त्याचे पोट मारणे. अमेरिकेच्या करखात्यातील डेटा एन्ट्री ऑपरेटरांवरचा २००० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास वेगळे सांगतो: नेहमीच्या सुट्ट्यांखेरीज पाच-पाच मिनिटांचे थांबे दिले तेव्हा दुखणे कमी झाले आणि काम घटले नाही. आपल्याकडे तर सर्व्हरच थांबे देतो. फक्त तेवढ्या वेळात माऊसवरचा हात उचलायला शिकवावे लागते. दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. ऐंशीच्या दशकात ऑस्ट्रेलियात अशा तक्रारींची लाटच आली आणि ओसरली, मग हे सारे मनाचेच नाही का? ताण आणि भीती वेदना वाढवतात, हे खरे. पण मुदतीचा ताण कामाचाच भाग आहे, आणि वेदना खोटी ठरवल्याने रुग्ण फक्त दुसऱ्या डॉक्टरकडे जातो. भीती वाढवणारा सल्ला मात्र आपणच देतो. लांबलेली विश्रांती त्यातलीच.

अंगठ्याच्या बुडाचा स्नायू उतरला असेल, रात्री मुंग्यांनी जाग येत असेल, मधुमेह किंवा थायरॉईडचा विकार असेल तर तपासणी लांबवू नये. पट्टा तिथे, तोही रात्रीपुरता. बाकीच्यांना हातात वजन घेऊन हळूहळू वाढवत न्यायचे व्यायाम द्यावेत आणि फेरतपासणीची तारीख हंगामाआधीची, जूनच्या पहिल्या आठवड्यातली लिहावी.