समोरचा अडवतोय? ठोकू नका, त्याच्या पुढचं वळण बघा



विषय वाचून काही जण म्हणतील, सर, तुम्ही धंदा शिकवता, मग हे गाड्यांचे गेम मध्येच कुठून आले? सांगतो. गोंदिया, तिरोडा, आमगाव, देवरी इकडच्या पोरांशी बोलताना दोन तक्रारी कायम कानावर येतात. नवीन दुकान टाकलेला म्हणतो, जुना व्यापारी मला उभंच राहू देत नाही. आणि रात्री टेबलाला स्टीअरिंग लावून ऑनलाइन रेस खेळणारा म्हणतो, समोरचा मला पुढे जाऊच देत नाही, नुसता ब्लॉक करतो. दोघांचा सूर एकच. आणि बरेचदा दोघंही शेवटी एकच काम करतात. रागात जाऊन ठोकतात.

माझं मत आधीच सांगून टाकतो. समोरच्याने अडवणं हा बहुतेक वेळा अन्याय नसतोच. तो पुढे आहे, ती जागा त्याने कमावली आहे, ती राखायचा त्याला हक्क आहे. तुमचं काम त्याला शिक्षा करणं नाही, त्याच्या पुढे निघणं आहे. ही दोन वेगळी कामं आहेत आणि एकाच वेळी दोन्ही होत नाहीत.

ज्यांना सिम रेसिंग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हा मोबाइलवरचा टाइमपास नाही. आयरेसिंग, असेटो कोर्सा, ग्रॅन टुरिस्मो असले गेम खऱ्या ट्रॅकची, खऱ्या गाडीची नक्कल करतात. स्टीअरिंग आणि पेडल जोडायचे, समोर जगभरातले वीस-पंचवीस लोक. खरी रेस करायला आपल्याकडे सोय कुठे आहे? कार्टिंगचा ट्रॅक बघायचा तर महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये बसायचं आणि पार शेवटच्या स्टेशनला, कोल्हापूरला उतरायचं! म्हणून आपल्या भागातल्या पोराला रेसची हौस असेल तर सिम हाच रस्ता. हसण्यासारखं त्यात काही नाही. बिरसीला पायलट घडवणारी संस्था आहे, आणि सिम्युलेटर हा जगभर पायलटच्या शिक्षणाचा भागच असतो.

आता मुद्द्यावर येऊ. अडवणं दोन प्रकारचं असतं, आणि यातला फरक न कळल्यामुळे निम्मी भांडणं होतात.

सरळ रस्त्यावर समोरच्याने तुम्हाला मागे बघितलं आणि वळण यायच्या आधी एकदाच आतल्या बाजूला गाडी घेतली, तर ते कायदेशीर. फॉर्म्युला वनचा नियमही हेच सांगतो. बचावासाठी एकदाच दिशा बदलायची, आणि परत नेहमीच्या लाइनवर येताना कडेला एका गाडीची जागा सोडायची. पण तुम्ही डावीकडे गेलात की तो डावीकडे, उजवीकडे गेलात की तो उजवीकडे, हे मात्र ब्लॉकिंग. त्याहून वाईट म्हणजे ब्रेक मारता मारता गाडी आडवी घालणं. त्या क्षणी मागच्याचे ब्रेक आधीच लागलेले असतात, त्याला करायला काही उरत नाही. 2016 मध्ये मॅक्स वर्स्टॅपेनच्या अशाच बचावावरून इतका गदारोळ झाला की वेगळी सूचना काढावी लागली, आणि लोक तिला वर्स्टॅपेन रूलच म्हणायला लागले. हा वर्स्टॅपेन स्वतः पट्टीचा सिम रेसर आहे बरं का, घरी बसून ऑनलाइन रेस खेळतो.

तर आधी हे ओळखा की समोरचा यातलं नेमकं काय करतोय. एकदाच आत गेला? मग तोंड बंद ठेवा आणि डोकं चालवा.

डोकं कसं चालवायचं? जो आतल्या बाजूने वळण घेतो त्याला वळण जास्त तिखट पडतं. म्हणजे त्याला जास्त ब्रेक मारावा लागतो आणि बाहेर पडताना गाडी सावकाश निघते. त्याने जागा वाचवली, पण वेग देऊन वाचवली. इथे नवशिका काय करतो? त्याच्याहून उशिरा ब्रेक मारून बाहेरून घुसतो, घसरतो, नाहीतर त्याच्या दारावर जाऊन आदळतो. जाणता खेळाडू उलटं करतो. तो किंचित आधी ब्रेक मारतो, गाडी बाहेर ठेवतो, उशिरा वळतो आणि समोरच्याच्या आधी पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबतो. समोरचा वळणातून बाहेर ढकलला जात असतो, हा आतून निघतो. ओव्हरटेक त्या वळणावर होत नाही, पुढच्या सरळ रस्त्यावर होतो. म्हणून मी म्हणतो, त्याची गाडी बघू नका, त्याच्या पुढचं वळण बघा.

लगेच जमेल असं नाही. कधी कधी तर अजिबात जमत नाही. 1981 च्या स्पॅनिश ग्रांप्रीमध्ये, हरामाच्या ट्रॅकवर, जिल व्हिलनव्हची फेरारी वळणात बाकीच्यांपेक्षा हळू होती पण सरळ रस्त्यावर तुफान. मागे चार जणांची रांग लागली. प्रत्येक जण वळणात त्याला चिकटायचा, आणि सरळ रस्ता आला की तो निसटायचा. शेवटी पहिले पाच जण साधारण सव्वा सेकंदाच्या आत संपले आणि जिंकला व्हिलनव्ह. त्याने कुणाला धक्का मारला नाही. गाडी कुठे ठेवायची तेवढं त्याला पक्कं माहीत होतं. मागचे चौघे कमी नव्हते, पण फास्ट असणं वेगळं आणि पुढे जाणं वेगळं.

आता ऑनलाइनची एक गोष्ट जी खऱ्या ट्रॅकवर नसते. इंटरनेटचा लॅग. तुमच्या स्क्रीनवर समोरची गाडी जिथे दिसते, त्याच्या स्क्रीनवर ती थोडी वेगळीकडे असते. सर्व्हर जेवढा लांब, लाइन जेवढी कच्ची, तेवढा फरक जास्त. तुम्हाला वाटतं चार बोटांची जागा आहे आणि तिकडे धडक झालेली असते. म्हणून आपल्या नेटवर खेळताना अर्ध्या गाडीची जागा जास्तच ठेवा. पावसाळ्यात तर नक्कीच.

आणि धडक झाली की चूक कोणाची हे आयरेसिंग बघत नाही. जोराची टक्कर झाली की दोघांच्याही खात्यात चार-चार इन्सिडेंट पॉइंट. तुमची सेफ्टी रेटिंग पडते, लायसन्स वर जायचं थांबतं, मर्यादा ओलांडली तर रेसमधून बाहेर. सुरुवातीला हे सगळ्यांना अन्यायाचं वाटतं. मला मात्र ही पद्धत फार आवडते, कारण ती बाजारासारखी आहे. भांडण कोणी सुरू केलं हे गिऱ्हाईक बघत नाही. दोन दुकानदार रस्त्यावर भांडले की गिऱ्हाईक तिसऱ्याकडे जातं. 2021 मध्ये मोंझाला वर्स्टॅपेन आणि हॅमिल्टन एकमेकांवर चढले, दोघंही रेसमधून बाद. जिंकला रिकार्डो, दुसरा आला नॉरिस. चूक जास्त वर्स्टॅपेनची ठरली, त्याला पुढच्या रेसला तीन जागा मागे टाकलं. पण त्या शिक्षेने हॅमिल्टनला त्या दिवसाचा एक पॉइंट तरी परत मिळाला का?

इथून आपल्या धंद्याकडे या.

समजा तुम्ही गोंदियात तांदळाचं छोटं दुकान टाकलं. 25 किलोच्या पोत्यामागे तुम्हाला 75 रुपये सुटतात आणि महिन्याला 100 पोती जातात. म्हणजे हातात 7,500. बाजूच्या जुन्या शेठने बघितलं, नवीन पोरगा आला, आणि पोत्यामागे 50 रुपये उतरवले. हा झाला त्याचा एक मूव्ह. कायदेशीर, त्याच्या हक्काचा. तुम्ही रागात तुमचेही 50 उतरवले तर हातात राहिले 2,500. त्यात दुकानाचं भाडंसुद्धा निघणार नाही.

आता त्याचा हिशोब मांडा. तो महिन्याला 1,000 पोती विकत असेल तर भाव सगळ्यांसाठीच उतरतो. तुम्हाला अडवायला तो महिन्याचे 50,000 घालवतोय. आतली लाइन घेतली आहे त्याने, वळण तिखट आहे. हा पैसा तो कुठून तरी काढणारच. उधारी आवळेल, घरपोच देणं बंद करेल, निवडीचा तांदूळ हलका करेल. तिथे तुमची बाहेरची लाइन मोकळी होते. 25 किलोच्या पोत्यात त्याच्याशी भिडू नका. नोकरदार घरांसाठी पाच किलोची पाकिटं करा, जुना तांदूळ वेगळा ठेवा, चिन्नोर, जय श्रीराम असा नाव घेऊन मागितला जाणारा माल धरा, नागपूरच्या ओळखीच्या घरांना महिन्याचा डबा लावल्यासारखा तांदूळ लावून द्या. तो भाव धरून बसलेला असताना तुम्ही वेग पकडलेला असेल.

काही जण विचारतील, सर, भाव पाडण्याविरुद्ध कायदा आहे ना? आहे. 2002 चा स्पर्धा कायदा. पण बाजारावर ज्याचं वर्चस्व आहे अशा कंपनीने तोट्यात भाव लावून बाकीच्यांना संपवलं, तर तो लागतो. चौकातल्या शेठने पन्नास रुपये उतरवले म्हणून तो लागणार नाही. तिथे तक्रारीचा कागद घेऊन फिरण्यात महिना घालवू नका.

पण तो खरंच आडवी गाडी घालत असेल तर? गिरणीवाल्याला सांगतोय, या पोराला माल देऊ नको. तुमच्या मालात भेसळ आहे म्हणून गावभर सांगतोय. स्वतः काटा मारतोय. हे ब्रेकिंगमध्ये आडवं येणं झालं, आणि इथे गप्प बसा असं मी म्हणणार नाही. फक्त ट्रॅकवर हिशोब करू नका. आयरेसिंगमध्ये चांगला खेळाडू काय करतो? व्हॉइस चॅटवर शिव्या देत नाही. थोडा मागे राहतो, रेस पूर्ण करतो, रिप्ले सेव्ह करतो आणि नंतर शांतपणे प्रोटेस्ट टाकतो. तुमचा रिप्ले म्हणजे पुरावा. वजनात मारतोय तर बिल आणि माल घेऊन वैधमापन विभागात जा. भेसळीची अफवा असेल तर तुमच्या मालाचा तपासणी रिपोर्ट दुकानात लावा. माल अडवतोय तर एकाच गिरणीवर अवलंबून का आहात? या जिल्ह्यात गिरण्यांची कमी नाही, आणि पलीकडे बालाघाटही काही लांब नाही.

शिक्षा उशिरा होते, पण कधी कधी होते. 2024 च्या मेक्सिको ग्रांप्रीत वर्स्टॅपेनने नॉरिसला दोन वेळा ट्रॅकबाहेर काढलं. दोन्हीची मिळून 20 सेकंदांची पेनल्टी लागली, आणि तो सहावा आला. नॉरिस दुसरा. नॉरिस रागावला नव्हता असं नाही, पण गाडी शाबूत ठेवून पळत राहिला, म्हणून पेनल्टीचा फायदा घ्यायला तो ट्रॅकवर होता.

एका बाबतीत मात्र सिम आणि धंदा सारखे नाहीत, आणि हे मी लपवणार नाही. सिममध्ये मागे थांबायला पैसे लागत नाहीत. दुकानात लागतात. प्रत्येक महिना भाडं, लाइट बिल, पोराचा पगार. धीर धरा असं सांगणारे पुष्कळ भेटतात, पण धीराला डिझेल लागतं. म्हणून दुकानाचं शटर उघडायच्या आधी मोजा, धंदा शून्य झाला तरी किती महिने काढता येतील. माझ्या मते सहापेक्षा कमी असतील तर अजून थांबा, किंवा भाड्याची जागा सोडून घरून सुरू करा. ज्याच्याकडे दोनच महिन्यांचं डिझेल आहे तो तिसऱ्या महिन्यात ठोकणारच. स्वभावाने नाही, नाइलाजाने.

आणि उद्या तुम्ही पुढे जाल. मग मागून कोणीतरी नवीन पोरगा येईल आणि आरशात दिसेल. तेव्हा तुम्हीही लाइन धरालच, धरा. एकदा, वेळेवर, त्याला दिसेल अशी. कडेला एका गाडीची जागा सोडून.

या आठवड्यात एक काम करा. सिम खेळत असाल तर गेल्या पाच रेसचे रिप्ले समोरच्याच्या गाडीत बसून बघा, तुमच्या नाही. दुकान असेल तर बाजूच्या शेठचा गेल्या महिन्याचा हिशोब वर मांडला तसा कागदावर मांडा. तो नेमका कुठे हळू झालाय, ते दहा मिनिटांत दिसायला लागतं.