१६८ किलोची 'हलकी' गाडी आणि आमची पांदण



गेले पंधरा दिवस आमच्या घरात एकाच विषयावर खल चालू आहे. धाकट्या पोराला गाडी घ्यायचीय. साधी नाही. ती उंच मडगार्डवाली, बटनाच्या टायरची, मोबाईलमध्ये डोंगरावरून उड्या मारताना दिसते ती. हिरोची एक्सपल्स २१०. त्याचं म्हणणं असं, "अण्णा, रोडला बी चालती, पांदणीत बी चालती. आपल्याला हीच पाहिजे." खरं सांगायचं तर त्याचं अर्धं म्हणणं मला पटलंय. उरलेल्या अर्ध्यासाठी ही नोंद लिहितोय.

आधी माझं सांगतो. दोन वर्षांपूर्वीचा जुलै. कपाशीला युरियाचा दुसरा हप्ता द्यायचा होता. शंभर सीसीची जुनी गाडी, मागं ४५ किलोची गोणी दोरीनं आवळलेली. गावापासून रान दोन किलोमीटर, त्यातला शेवटचा दीड किलोमीटर पांदण. सरकारी कागदावर तिला 'पाणंद रस्ता' म्हणतात, आम्ही पांदण म्हणतो. रात्री पाऊस झालेला. ट्रॅक्टरच्या चाकोरीत पुढचं चाक घुसलं, हँडल वळलं आणि गाडी उजव्या अंगावर आली. पाय खाली. सायलेन्सर नेमका पोटरीवर. वर गोणीचं वजन. मी पडल्या पडल्या गाडी ढकलायला बघतोय, पण चिखलात हाताला टेकायलाच काही नाही. शेजारच्या रानातले काका बैलं घेऊन आले तोवर वीसेक मिनिटं तसाच पडून होतो. पोटरीवरचा डाग अजून आहे. कपाशीला युरिया पडला तो आठ दिवसांनी.

ती गाडी सव्वाशे किलोच्या आतली होती. हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

आता काळ्या रानातल्या लोकांना वेगळं सांगायला नको, पण मुरमाड भागातल्या मित्रांसाठी लिहितो. आपली काळी माती ओली झाली की फुगते आणि चिकटते. साध्या गाडीचं पुढचं मडगार्ड टायरला लागून असतं. शंभर पावलं गेलं की मधे माती ठासून बसते आणि चाक फिरायचंच थांबतं. मग उतरायचं, काडीनं माती उकरायची, परत शंभर पावलं. आमच्याकडं कित्येकांनी पावसाळ्यात पुढचं मडगार्डच काढून ठेवलेलं असतं. मग चिखल थेट तोंडावर.

म्हणून उंच मडगार्डच्या गाडीकडं मी शोभेची वस्तू म्हणून बघत नाही. टायर आणि मडगार्ड यांच्यात वीतभर जागा असणं ही काळ्या मातीतली गरज आहे. पुढचं २१ इंची चाक चाकोरीत न फसता वर चढतं, हेही खरं. तालुक्याला एका मित्राचं कृषी सेवा केंद्र आहे, त्यानं ही २१० घेतलीय. मार्चमध्ये आमच्या पांदणीतून मी ती चालवून बघितली. खड्डा, ढेकळं, बांधाची कड, काही जाणवत नाही. ज्या वाटेवर साध्या गाडीवर कंबर मोडते, तिथं ही सरळ जाते. गाडीत खोट नाही. माझा मुद्दा वेगळा आहे.

या नव्या गाडीत काय बदललं ते आकड्यांत बघू. आधीची २०० फोर व्ही होती तिची ताकद १९ पीएसच्या आसपास, नवीची साडेचोवीस. आधी ऑइल कूलिंग, आता पाण्याचं कूलिंग. गिअर पाचाचे सहा झाले. पुढचा शॉकअप १९० मिलिमीटर दबायचा तो आता २१०, मागचा १७० चा २०५. जमिनीपासूनची उंची २२० होती, तेवढीच आहे. सीट ८३० मिलिमीटर. रस्त्यावरच्या प्रवाशाला, लडाखला जाणाऱ्याला, रविवारी घाटात जाणाऱ्याला हे सगळे बदल चांगलेच आहेत.

पण एक आकडा जाहिरातीत मोठ्या अक्षरात येत नाही. वजन. याच कंपनीची या जातीची पहिली गाडी इम्पल्स, २०११ ची, १५० सीसी. वजन १३४ किलो. मग २०१९ ला एक्सपल्स २०० आली, १५४ किलो. २०२१ ची फोर व्ही १५८. आणि २०२५ ची ही २१०, साध्या प्रकारात १६८ किलो. चौदा वर्षांत ३४ किलो वाढलं. म्हणजे युरियाच्या गोणीतला पाऊण भाग आता गाडीतच भरून येतो, आणि तो उतरवून ठेवता येत नाही. काही वजन नियमांमुळं वाढलं हे मान्य. १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं, २०२० ला बीएस ६ आलं. पण सगळं वजन काही नियमांचं नाही. मोठं इंजिन, रेडिएटर, जास्त लांबीचा शॉकअप, हेही त्यात आलं.

कंपन्या या जातीला 'हलकी, दुहेरी वापराची' म्हणतात. परदेशातल्या दोनशे-अडीचशे किलोच्या गाड्यांपुढं ती हलकी असेलही. पण माझ्यासाठी हलकी म्हणजे काय? जी चिखलात आडवी पडली तर एकट्या माणसाला उचलता येते ती. सव्वाशे किलोच्या आतल्या गाडीखाली मी वीस मिनिटं पडलो होतो. १६८ किलोखाली माझं, किंवा माझ्या पोराचं काय होईल, हा हिशोब मी केला. डोंगरात फिरायला जाणारे चार-पाच जण मिळून जातात, एक पडला की चौघं उचलतात. शेतकरी पांदणीत एकटाच असतो. पहाटे पाचला लाइट आली म्हणून मोटार चालू करायला जाणारा तर नक्कीच एकटा.

वजन कमी करता येत नाही असंही नाही. कावासाकीची केएलएक्स २३० आपल्या देशात विकतात, तिचं वजन १३९ किलो. फक्त तिची सीट ८८० मिलिमीटरवर आहे. आपल्याकडच्या साध्या उंचीच्या माणसानं मागं गोणी बांधल्यावर तिच्यावर पाय टाकून दाखवावा. मागं भार असला की पाय मागून फिरवताच येत नाही, टाकीवरून न्यावा लागतो. हे दुखणं सगळ्याच उंच गाड्यांचं. दुधाची कॅन, चाऱ्याचा भारा, फवारणीचा पंप हे ज्यांच्या मागं रोज असतं, त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. प्लॉट बघायला साडी-पंजाबी ड्रेसमध्ये येणाऱ्या कृषी सहायक ताईंचा विचार तर कुणी केलेलाच नाही.

बरं, शेतकऱ्यासाठी अशी गाडी जगात कुणी बनवलीच नाही का? बनवलीय. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये मेंढ्या-गुरं राखणाऱ्या शेतकऱ्यांसाठी जपानी कंपन्या कित्येक दशकं वेगळ्या गाड्या विकतात. 'एजी' म्हणतात त्यांना, म्हणजे ॲग्रिकल्चर. यामाहाची एजी २०० ही त्यातली नावाजलेली. साधं हवेवर थंड होणारं इंजिन. पुढं आणि मागं दोन्हीकडं लोखंडी कॅरिअर. चेन पूर्ण बंद डब्यात, म्हणजे माती-वाळू आत जात नाही. साइड स्टँड दोन, डावीकडं एक अन् उजवीकडं एक, कारण उतारावर कुठल्या बाजूला उभी करावी लागेल सांगता येत नाही. क्लचला खटका, म्हणजे गाडी गिअरमध्ये चालू ठेवून खाली उतरायचं, फाटक उघडायचं आणि परत बसायचं. यात एकही गोष्ट महागडी नाही. कुणीतरी शेतकऱ्याच्या मागं आठ दिवस फिरून बघितलं असेल, तेव्हा हे सुचलं असेल.

आपल्याकडं हे कुणी करत नाही, कारण आपल्याला कुणी या गाडीचं गिऱ्हाईक समजत नाही. आपल्यासाठी शंभर सीसीची मायलेजवाली गाडी. आणि खडबडीत वाटेची गाडी मात्र शहरातल्या हौशी पोरांसाठी. म्हणजे ज्याला वर्षातून आठ दिवस चिखल लागतो त्याच्यासाठी चिखलाची गाडी, आणि ज्याच्या वाटेला चार महिने चिखल त्याला डांबरी रस्त्याची. राजदूतच्या काळात दूधवाले अन् शेतकरीच त्या गाडीचे खरे मालक होते. आज त्यांना कुणी विचारत नाही.

आता पैशाचं. २१० बाजारात आली तेव्हा शोरूमची किंमत सुमारे पावणेदोन लाख होती. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यानं थोडा फरक पडला. पण पासिंग, विमा धरला की हाती येईपर्यंत रक्कम पुन्हा वर जाते. पावणेदोन लाखच धरा. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये. म्हणजे ३३ क्विंटल सोयाबीन. आमच्याकडं एकरी सात-आठ क्विंटल निघालं तर बरं म्हणतात, म्हणजे चार-साडेचार एकराचं सगळं उत्पन्न, खर्च न काढता. आणि मोंढ्यात हमीभाव कुणाला किती वेळा मिळतो ते आपल्याला ठाऊक आहे. त्याच सप्टेंबरात मराठवाड्यात जी अतिवृष्टी झाली, त्यानंतर तर हिशोब करायला सोयाबीनच राहिलं नव्हतं कित्येकांकडं.

पोरगा म्हणतो हप्त्यानं घेऊ. हप्ता महिन्याला असतो, पीक सहा महिन्याला. या दोघांचा मेळ बसत नाही म्हणूनच आपली अर्धी दुखणी आहेत.

आणखी एक. ट्रॅक्टरला आता ५ टक्के जीएसटी आहे, कारण ते शेतीचं यंत्र. बरोबर आहे. पण दोन-चार एकरवाल्याकडं ट्रॅक्टर नसतो, तो भाड्यानं येतो, वर्षातून चार-सहा वेळा. मोटारसायकल रोज दोनदा रानात जाते. खत, बी, औषध, मजुरांचा डबा, आजारी वासरासाठी डॉक्टर, सगळं तिच्यावर. लहान शेतकऱ्याचं सगळ्यात जास्त वापरलं जाणारं यंत्र तेच, आणि ते कुठल्याच यादीत यंत्र म्हणून नाही. निदान शेतीसाठीच बनवलेली गाडी आली, तर तिला तरी यंत्राचा दर्जा द्या, एवढं म्हणणं चुकीचं आहे का?

काही जण म्हणतील, गाडीचं काय घेऊन बसलात, रस्ता मागा. बरोबर आहे. २०२१ ला मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आली, जिथं काम झालं तिथं फरक दिसतो. तो पाठपुरावा सोडायचा नाही. पण पांदण पक्की झाली तरी तिच्यापासून रानापर्यंतचा शेवटचा तुकडा मातीचाच राहणार. आणि एक सांगतो, गाडी कितीही भारी असो, वाफसा नसताना रानात घालू नका. चाकाखाली ओली माती दबली की त्या पट्ट्यात पीक खुरटतं, ते गाडीच्या किमतीत धरत नाही कुणी.

मग आम्ही काय ठरवलं? यंदा नवी गाडी नाही. पोरगा दोन दिवस बोलला नाही, तिसऱ्या दिवशी स्वतःच हिशोब घेऊन बसला. जुन्या गाडीचं पुढचं मडगार्ड वेल्डिंगवाल्याकडून वर उचलून घेतलंय, पावसाळ्यासाठी बटनाचे टायर टाकतोय, मागं नीट कॅरिअर बसवतोय. पैसे साठले तर पुढच्या वर्षी बघू, कर्जानं नाही.

ज्यांना घ्यायचीच आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी. २१ इंची ट्यूब गावच्या पंक्चरवाल्याकडं असेलच असं नाही, एक घरात ठेवा. चेन उघडी असते, चिखलातून आलं की धुऊन तेल द्या. रेडिएटरच्या जाळीतली माती हलक्या पाण्यानं काढा, प्रेशरनं मारू नका, पाती वाकतात. आणि गाडी पडली तर पुढून हँडल धरून ओढत बसू नका. गाडी गिअरमध्ये टाका, उजवीकडं पडली असेल तर उचलण्याआधी साइड स्टँड खोला, मग पाठ सीटला टेकवून खाली बसा आणि मांड्यांच्या जोरावर मागं रेटत उठा.

हे शोरूममध्येच करून बघा. मॅनेजरला सांगा, साहेब, डेमोची गाडी गवतावर आडवी करा, मला एकट्याला उचलून बघायचीय. तो हसेल. हसू द्या. उचलता आली तर खुशाल घ्या. नाही आली तर त्याला एवढंच सांगा, शेतकऱ्याला उचलता येईल अशी निघाली की फोन करा, आमच्या गावातच पन्नास गिऱ्हाइकं आहेत.

तुमच्या भागात चिखलात कोणती गाडी चालते, तुम्ही तिच्यात काय बदल केलेत, ते लिहा. मडगार्डचा फोटो उद्या टाकतो.